अबोला ज्यांचा, ओटा त्यांचा

मी, शेवटी सही करणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, एका सुताराची विधवा, दोन मुलांची आई आणि एका नातीची आजी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, भूल दिलेली नाही, नशापाणी केलेले नाही. दुपारी एक कप चहा मिळाला, तोही बिनसाखरेचा. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही मागे नाही.

सर्वांची पूर्ण नावे, जन्मतारखा आणि घराची चतुःसीमा वकीलबाईंनी सोबतच्या कागदावर व्यवस्थित लिहिली आहे. इथे मी ज्याला घरात ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने लिहिणार आहे. थोरली मुलगी जनावरांची डॉक्टर आहे, घरात ती ताई. धाकटा मुलगा जमिनी मोजतो. ताई त्याला लहानपणापासून फूटपट्टी म्हणते, आणि तो पेशा तिने त्याला त्या नावाने हाक मारून मारूनच लावला असा माझा संशय आहे. सूनबाई शाळेत गणित शिकवते. त्या दोघांची मुलगी म्हणजे माझी नात. तिला गेले काही महिने सगळे टपाल म्हणतात. हे नाव तिला का पडले ते पुढे येईल, आणि मी हा कागद आत्ताच का करायला घेतला तेही तिथेच कळेल.

कलम १. घर दुमजली आहे. वरचा मजला मुलाचा. खालच्या दोन खोल्या आणि रस्त्याकडची खोली, जिथे ताई मांजरांना सुया टोचते, त्या ताईच्या. जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि मागची अडगळीची खोली दोघांची. एकटे राहणे ताईने स्वतः निवडले आहे. त्या विषयावर या मृत्युपत्रात किंवा बाहेर कोणाचाही सल्ला मागवलेला नाही.

स्वयंपाकघर कोणाच्याही वाटणीत नाही. ते दोघांचे मिळून, अखंड. त्यात भिंत घालता येणार नाही, पडदा लावता येणार नाही, आणि एका ओट्याचे दोन ओटे करता येणार नाहीत. 'मोजून अर्धे करू' असे मुलगा म्हणेल. मोजू नये.

कलम २. बँकेत जे आहे ते दोघांना सारखे. त्यातून आधी नातीच्या शिक्षणाचे बाजूला काढावे. पैशावरून या घरात कधी वाजलेले नाही आणि वाजणार नाही, म्हणून हे कलम एवढेच.

कलम ३. यजमानांची हत्यारे. रंधे, पटाशा, करवती आणि मोठा हातोडा ताईला. याचे कारण प्रेम कमी-जास्त असणे हे नाही. यजमान डावखुरे होते. त्यांच्या हत्यारांच्या मुठी डाव्या हाताने झिजलेल्या आहेत, त्या उजव्या हातात बसत नाहीत. ताई डावखुरी आहे. मुलाने एकदा त्यातला रंधा चालवून पाहिला होता आणि आठवडाभर अंगठ्याला पट्टी बांधून हिंडत होता. पाणसळ आणि घडीची मोजपट्टी मुलाला. या दोन वस्तूंना डावे-उजवे नसते. त्याचे वडील कोणतेही काम झाले की त्यालाच बोलावून म्हणत, "बघ रे, सरळ आहे का." स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा जास्त होता. हे त्याला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. आता झाले.

कलम ४. स्वयंपाकघर का वाटायचे नाही, याची हकीकत. वकीलबाईंचे म्हणणे पडले की मृत्युपत्रात हकीकत लागत नाही. मी त्यांना म्हटले, "तुम्ही टाइप करा. लागेल."

हे स्वयंपाकघर यजमानांनी स्वतःच्या हाताने केले, आणि तो हात डावा होता. डावखुऱ्या माणसाच्या डाव्या हातात घासणी असते आणि उजव्या हातात भांडे. म्हणून भांडी निथळत ठेवायची लाकडी पट्ट्यांची मांडणी त्यांनी सिंकच्या उजव्या अंगाला, भिंतीवर ठोकली. चमच्यांचा ड्रॉवर, फडक्याचा खिळा, सगळे त्याच हिशेबाने. मी सकाळच्या पाळीला गेले होते. परत येऊन बघितले आणि म्हटले, "अहो, हे तुमच्या हाताचं झालं. घासणार मी."

ते म्हणाले, "मग मीही घासेन." आणि शेवटपर्यंत घासत राहिले, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. पुढे ताई डावखुरी निघाली तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. मुलगा उजवा निघाला. दोन विरुद्ध दोन.

तर उजवा माणूस तिथे घासायला उभा राहिला की ओले भांडे त्याच्या डाव्या हातात, आणि मांडणी उजवीकडे. मध्ये पुसणारा उभा. त्याच्या पलीकडे लगेच भिंत, त्याला हटायला जागा नाही. ओले भांडे त्याच्या नाकासमोरून न्यावे लागते. न सांगता नेले तर त्याच्या बाहीत पाणी जाते, नाहीतर कपाळाला कढई लागते. म्हणून घासणाऱ्याने "हात येतोय" म्हणायचे आणि पुसणाऱ्याने मान मागे घेऊन "हं" म्हणायचे, अशी रीत पडली.

एकदा यजमानांनी मला न विचारता स्वयंपाकघराचे दार पोपटी रंगाने रंगवले. कुणाच्या तरी दुकानाच्या कामातून उरलेला रंग होता, वाया कशाला घालवायचा म्हणे. मी बोलणे टाकले. पण जेवण झाल्यावर भांडी कुणाला चुकली आहेत? मी घासायला, ते पुसायला. तोंड उघडायचे नाही म्हणून मी पातेले तसेच नेले. त्यांच्या कपाळाला टेंगूळ आले. कपाळ चोळत ते म्हणाले, "निदान हात येतोय एवढं तरी म्हण. मग हवं तेवढं भांड."

मी म्हटले, "दार पुन्हा रंगवा."

"कोणता रंग?"

दार अजून पोपटीच आहे. बोलणे मात्र सुरू झाले.

त्यावरून घरात नियम झाला: अबोला ज्यांचा, ओटा त्यांचा. जेवण संपले की घरातल्या सर्वांत लहान माणसाने विचारायचे, "आज कोण कोणाशी बोलत नाही?" जे असतील त्या दोघांनी उठायचे, एकाने घासायचे, दुसऱ्याने पुसायचे. कोणीच नसेल तर ठरलेली पाळी. घर म्हटले की भांड्याला भांडे लागणारच. आमच्याकडे लागले की ते लगेच धुऊन निघत असे. मुले लहान असताना काम चुकवायला जेवणाआधी जिन्यात बसून घाईघाईने भांडण मिटवायची आणि गळ्यात गळे घालून टेबलाशी यायची. ताई म्हणायची, "आमचं काही नाही, बाबा." यजमान म्हणत, "हेही चालेल."

लग्न होऊन सूनबाई आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचे आणि माझे बिनसले. कशावरून ते आता दोघींनाही आठवत नाही. मुलाने जेवण झाल्यावर प्रश्न विचारला तेव्हा ही नवी मुलगी गोंधळली. मी म्हटले, "ऊठ, बाई. या घरात सासू-सुनेचं भांडण रात्रीपर्यंत टिकत नाही, सोय नाही तेवढी." घासायला ती होती. तिने पहिलीच थाळी माझ्या चष्म्याला लावली.

कलम ५. जेवणानंतरचा शिरस्ता. माझ्यामागे कोणी "आई असं करायची" आणि "नाही, आई तसं करायची" म्हणून वाद घालू नये, म्हणून लिहून ठेवते.

टेबलावरून कोणीही रिकाम्या हाताने उठायचे नाही. हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. आमच्या घरच्या डॉक्टरांनाही. उरलेले अन्न आधी लहान भांड्यांत काढायचे, आणि भांडे सूनबाईने निवडायचे. मुलगा आयुष्यभर जमिनी मोजत आला, पण उरलेला भात कोणत्या डब्यात मावेल हे त्याला आजतागायत कळलेले नाही. करपलेले पातेले पाणी घालून सगळ्यांत आधी बाजूला ठेवायचे. त्याच्याशी लगेच भांडण्यात अर्थ नसतो, भिजू द्यावे. पाणी स्वच्छ आहे तोवर पेले, मग ताटे-वाट्या, तेलकट सगळ्यांत शेवटी. शेगडी आणि ओटा पुसून झाल्यावर फडके पिळून खिळ्याला वाळत घालायचे, नळाला गुंडाळून ठेवायचे नाही. नळाला फडके गुंडाळून ठेवणारा माणूस कोण आहे ते सर्वांना माहीत आहे, त्याचे नाव लिहून त्याला नातीसमोर लाजवत नाही.

शेवटचे काम: जो सकाळी सर्वांत आधी निघणार त्याचा कप ओट्यावर पालथा घालून ठेवायचा आणि चहाचे पाणी आधणाच्या भांड्यात मोजून भरून ठेवायचे. मी पहाटेच्या पाळीला जात असे तेव्हा यजमानांनी हे सुरू केले. अंधारात स्वयंपाकघरात यावे आणि आपला कप आपली वाट बघत असावा, एवढ्यावर मी नोकरी काढली.

सूट: आजारी माणूस, उद्या परीक्षा असलेले माणूस, आणि जिच्या गाईला वासरू होत आहे ती. "थकलोय" ही सूट नाही. थकलेली दोन माणसे एका धडधाकट माणसापेक्षा लवकर आवरतात, कारण दोघांनाही झोपायचे असते.

कलम ६. यंत्र. मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस मुलाने भांडी धुण्याचे यंत्र आणले. त्याचा हेतू चांगला होता, हे मी या कागदावर मुद्दाम नोंदवते. तो म्हणाला, "आई, तुझे गुडघे बघ. ताई गोठ्यांमधून येते ती अर्धी झोपेतच असते. हिच्या वह्या तपासायच्या असतात. कुणाला वेळ आहे घासत बसायला?" खरे होते.

यंत्राला जागा होती ती ओट्याखाली उजव्या भिंतीलगतच. वरून मांडणीतले पाणी ठिबकून बटणे खराब होतील म्हणून त्याने मांडणी उतरवली आणि मागच्या खोलीत नेऊन उभी केली. ताई त्या दिवशी एका अडलेल्या म्हशीसाठी लांब गेली होती. ती आली, हात धुवायला सिंकशी गेली, आणि भिंतीवरची चार भोके बघत उभी राहिली.

"विचारलंस कुणाला?"

"ताई, मांडणी होती ती. बाबा नव्हते."

"तुला कधीच आवडली नाही."

"नव्हतीच आवडत. जन्मभर उलट्या हाताने भांडी घासलीयेत मी. तुझं काय जातंय, तुझ्या हाताची होती."

दोघांचेही खरे होते, म्हणूनच पुढे कोणाला बोलता येईना. त्या दिवशी जेवण झाल्यावर नातीने नियमाप्रमाणे प्रश्न विचारला. दोघे उठलेही असते. पण ओट्यावर काही नव्हतेच. सगळे यंत्रात गेले होते.

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. पेले माझ्यापेक्षा चांगले काढते. मुकाट्याने काम करते, कुणाला "हात येतोय" म्हणायला लावत नाही. अडचण तेवढीच आहे. आता प्रत्येक जण आपापले ताट आत ठेवतो आणि आपापल्या खोलीत जातो. ताई आणि फूटपट्टी एका टेबलाशी जेवतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. महिने झाले.

मध्यंतरी मुलाने मला एक नकाशा दाखवला. सुबक काढला होता, त्याचे सगळेच सुबक असते. "आई, वरच्या मजल्यावर छोटंसं किचन केलं तर? सगळ्यांनाच मोकळं होईल."

मी म्हटले, "मोकळं, की रिकामं?"

त्याने नकाशाची घडी घातली. पण फाडला नाही. वेगळी चूल मांडायला भांडण लागत नाही, नुसते न बोलणे पुरते. हे मी एक्स्चेंजमध्ये शिकले. लाइन तुटायला कुणी वायर कापावी लागत नाही. बरेच दिवस कुणी उचलले नाही की समोरचा फोन करायचाच थांबतो.

यंत्र घरात राहावे. पेले, वाट्या, चमचे त्यात घालावेत. कढई, तवा, कुकर आणि मोठी पातेली मात्र हाताने घासावीत, नियमाप्रमाणे, दोघांनी मिळून. ही अट कोर्टात टिकणार नाही असे वकीलबाईंनी मला स्पष्ट सांगितले आहे. कोर्टात टिकली नाही तरी चालेल. घरात टिकावी.

कलम ७. माझा एक्स्चेंजमधला हेडफोन नातीला. निवृत्तीच्या दिवशी तिथल्या मुलींनी मला तो खोक्यात घालून दिला होता. तो चालत नाही.

तिला टपाल नाव का पडले ते आता लिहिते. आत्या आणि बाबा एकाच खोलीत बसलेले असतात. बाबा म्हणतो, "आत्याला विचार, गेटची किल्ली कुठे आहे." ती वळून विचारते. आत्या म्हणते, "बाबाला सांग, जिथे असते तिथे." ती वळून सांगते. "तिला सांग, तिथे नाहीये." सुरुवातीला तिला हा खेळ वाटला. मग माझ्या लक्षात आले की ती निरोप जसाच्या तसा पोचवत नाही. आत्या म्हणते, "त्याला म्हणावं, आवाज कमी कर त्या टीव्हीचा." ही जाऊन सांगते, "बाबा, आत्या म्हणतेय आवाज थोडा कमी करशील का, प्लीज." साखर तिची.

एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवत की दोन टोके जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचे. मधे थांबायचे नाही. ही पोर मधेच उभी आहे, कारण टोके जोडलीच जात नाहीत. परवा ती माझ्या पलंगावर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, टपालाला रविवारी तरी सुट्टी असते ना?"

मी त्याच दिवशी वकीलबाईंना फोन केला. माझ्यामागे दोन चुली झाल्या तर हिला दोन मजल्यांचा जिना निरोप घेऊन चढावा-उतरावा लागेल. माझ्या या कागदाचे खरे कारण एवढेच आहे. बाकी घर-बीर वाटून झाले असते कसेही.

कलम ८. मांडणी. ती सध्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. ती ताईलाही नाही आणि मुलालाही नाही. दोघांनी मिळून ती पुन्हा भिंतीवर लावली तर ती घराची. कोणत्या भिंतीवर, ते त्यांनी ठरवावे, पण समोरासमोर बोलून, नातीमार्फत नव्हे. मी जाईपर्यंत हे झाले नाही, तर मांडणी शेजारच्या बेकरीवाल्यांना द्यावी. त्यांचा तिच्यावर फार दिवसांपासून डोळा आहे. गरम पाव निवायला इतकी चांगली पट्ट्यांची फळी कुठे मिळणार, असे ते मला तीनदा म्हणाले आहेत, आणि तिन्ही वेळा पाव फुकट देऊन.

यामुळे एक अडचण झाली. बेकरीवाले माझे साक्षीदार होणार होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये. बेकरीवाल्यांना विचारले, मांडणी की साक्ष? ते म्हणाले, "वहिनी, साक्षीचं काय, कोणीही देईल." तेव्हा दुसऱ्या साक्षीदाराची जागा तूर्त मोकळी सोडली आहे.

कलम ९. किरकोळ. जाऊबाईंनी माझे मोठे पातेले नेले आणि परत करताना भलत्याच पातेल्याचे झाकण आणून दिले. ते झाकण त्यांना परत द्यावे. पातेले मागू नये. त्यांना कळेल. एक्स्चेंजमधल्या पर्यवेक्षकबाईंनी माझा आवाज "सासूसारखा" आहे असे सगळ्यांसमोर म्हटले होते. मी त्यांना माफ केले आहे, कारण पुढे तो उपयोगी पडला.

कलम १०. मी गेल्यावर घरात माणसे येतील, बसतील, जेवतील. भांड्यांचा ढीग साचेल. बाहेरून कोणाला घासायला बोलावू नये. रडताना हाताला काम असले की बरे असते.

पुरवणी, माझ्या स्वतःच्या अक्षरात.

वरचा मजकूर वकीलबाईंनी टाइप करून आणला. आज रविवारी सही करायची म्हणून मी त्यांना, डॉक्टरांना आणि बेकरीवाल्यांना जेवायला बोलावले होते. सही जेवणानंतर, ओटा आवरून झाल्यावर, असे ठरले. जेवताना जे झाले त्यामुळे एक कलम बदलत आहे. का बदलले ते लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढे कोणी म्हणेल म्हातारीचे चित्त थाऱ्यावर नव्हते.

सगळे टेबलाशी बसताना यंत्र घरघरायला लागले. एवढी माणसे जेवायची आणि यंत्र आधीच सुरू. मी सूनबाईला विचारले, "आत काय आहे गं?"

ती म्हणाली, "दोन वाट्या आणि एक गाळणी."

गणिताच्या शिक्षिकेचा हिशेब चुकत नसतो.

जेवण झाले. ओट्यावर डोंगर. डॉक्टर नियमाप्रमाणे आपले ताट उचलून उभे राहिले. तेवढ्यात नात खुर्चीवर ताठ बसली आणि पाहुण्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "आज कोण कोणाशी बोलत नाही?"

वकीलबाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. बेकरीवाल्यांना सगळे ठाऊक, ते छताकडे बघू लागले. मग मुलगा उठला. बाह्या वर केल्या. ताईने खिळ्यावरचे फडके काढले आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली, भिंतीलगत, यंत्राला पाय टेकवून.

पेले झाले, ताटे झाली. ताई ओट्यावर दुसरे फडके अंथरून त्यावर मांडत होती. नुसता पाण्याचा आवाज. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "सह्या उरकून घ्यायच्या का?" मी म्हटले, "थांबा."

शेवटी कढई आली. मुलाने ती विसळली, आणि मान वर न करता, चाळीस वर्षांच्या सवयीने, ताईच्या नाकासमोरून उजव्या भिंतीकडे नेली. तोंडातून निघून गेले, "हात येतोय."

ताईने मान मागे घेतली. "हं."

आणि हात तिथेच राहिला. भिंतीवर चार भोके. कढई अधांतरी, तिचे पाणी टप टप यंत्राच्या बटणांवर.

"आता?" तो म्हणाला.

"आता काय. धर तशीच."

"ताई, जड आहे."

"कळू दे जरा, ती भिंत काय काय धरत होती ते."

तो वळून नातीकडे बघत म्हणाला, "आत्याला सांग..."

"तूच सांग," नात म्हणाली. "टपाल बंद आहे. रविवार."

बेकरीवाल्यांना ठसका लागला. मुलगा कढई धरून उभाच. मग म्हणाला, "डावीकडे लावणार होतो मी. आठवड्याभरात. स्क्रूसुद्धा आणलेत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस."

"आधी सांगायचं होतंस, काढायच्या आधी."

"हो. सांगायला हवं होतं."

"हवंच होतं." तिने त्याच्या हातातून कढई घेतली आणि पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "डावीकडे लावलीस तर मी काय करू? मी घासताना तुझ्या नाकासमोरून नेऊ?"

"ने की. आता तू म्हण हात येतोय."

"मी सांगून ठेवते, मी न सांगता आणेन."

"माहितीये मला. म्हणून मांडणी जरा उंच लावणार आहे."

"उंच? आईचा हात पुरणार आहे का?"

"मोजून लावतो ना!"

"मोज, मोज. फूटपट्टी!"

हे लिहीपर्यंत त्यांचे भांडण चालूच आहे. आता स्क्रू कोणत्या मापाचे, इथवर आले आहे. टाइप केलेल्या मजकुरात जेवढी वाक्ये आहेत त्याहून जास्त ते दोघे एवढ्यात एकमेकांशी बोलले असतील. सूनबाई भाताला डबा शोधते आहे आणि मागे वळून बघत नाही, पण तिचे खांदे हलताहेत.

म्हणून: कलम ८ मधली, मांडणी बेकरीवाल्यांना देण्याची तरतूद मी रद्द करत आहे. ती ओळ मी स्वतः खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. मांडणी घराची. वरच्या किचनचा नकाशा अजून मुलाच्या कपाटात आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. वर चहापुरते काही केले तरी हरकत नाही, कप घासायला खाली यावे. बाकी सर्व कलमे आहेत तशी कायम.

बेकरीवाल्यांना आता या कागदात काहीच मिळत नसल्यामुळे ते साक्षीदार व्हायला मोकळे झाले आहेत. त्यांना तसे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, पाव गेले ते गेलेच ना?" मी म्हटले, "गेले."

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे, आणि तो मी पुढील दोघांच्या समोर सही करून पक्का करत आहे.

सही: निवृत्त ऑपरेटर, आई, आजी

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर. (बाईंना मी तपासले आहे. डोके शाबूत. गुडघ्यांबद्दल आम्ही वेगळे बोलू.) सही

साक्षीदार दुसरे: शेजारचे बेकरीवाले. (खुशीने नाही, पण राजीने.) सही

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल, पोपटी दारासमोर.

दिनांक: आजचा रविवार, ओटा पुसून, उद्याचा कप पालथा घालून झाल्यावर. आकड्यातली तारीख वकीलबाईंनी शिक्क्याशेजारी घातली आहे.

टीप, वकीलबाईंच्या सांगण्यावरून: या पानावर उजव्या कोपऱ्यात पाण्याचा डाग आहे, त्याने एक अक्षर फुटले आहे. हा डाग सह्यांपूर्वीचा असून दोन्ही साक्षीदारांनी तो पाहिला आहे. अश्रू नाहीत. कढई जाग्यावर ठेवायला मागच्या खोलीतून मांडणी आणताना ताई ती माझ्या डोक्यावरून घेऊन गेली, ओल्या हातांनी, आणि या वेळी तिने सांगितले होते, "आई, हात येतोय."